सड्यावरचा निळा पंखा

साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघरच्या दिशेने निघाले, की बहुतेकांच्या गाड्या धबधब्यापाशी थांबतात. पण मे महिन्यात धबधब्यात पाहण्यासारखे काही नसते. म्हणून आम्ही तसेच पुढे गेलो आणि चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचलो. जांभ्या खडकाचा लांबरुंद सडा, वाळलेले गवत, भन्नाट वारा आणि नजर जाईल तिथे पवनचक्क्या. ‘इथे पाहायचे तरी काय?’ हा प्रश्न सौभाग्यवतींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

उत्तर समोरच्या दगडावर बसले होते. शेपटीसकट जेमतेम वीतभर, मातकट रंगाचा एक सरडा. त्याने मान उंचावली आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडली. झळझळीत निळा, गडद काळा आणि तापलेला केशरी! दोन क्षणांत पंखा मिटला. दगडावर पुन्हा तोच मातकट सरडा.

“बाबा, एवढा रंग हा ठेवतो कुठे?” आमच्या आठ वर्षांच्या कन्येने विचारले.

प्रश्न साधा, उत्तर मोठे मजेदार आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या त्वचेत रंगपेशींचे थर असतात. वरच्या पेशींत पिवळी, तांबडी रंगद्रव्ये असतात. त्यांतली काही तर अन्नातूनच मिळतात. तळाच्या पेशींत मेलॅनिन हे काळे-तपकिरी द्रव्य असते, आपल्या केसांत असते तेच. निळ्याचे मात्र वेगळे. निळे रंगद्रव्य या प्राण्यांच्या त्वचेत सहसा नसतेच! मधल्या थरातील पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक रांगेने रचलेले असतात. त्यांच्यातील अंतर असे असते, की प्रकाशातील निळा भागच उठून परत फिरतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात, पण साबणात ते नसतात, तसेच हे. खालचा काळा थर उरलेला प्रकाश गिळतो, म्हणून निळा अधिकच खुलतो.

या निळ्यावर पिवळ्याचा थर आला, की दिसतो हिरवा. म्हणूनच हिरवा साप स्पिरिटमध्ये ठेवला, की पिवळे द्रव्य विरघळून कालांतराने तो निळसर दिसू लागतो. मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन तर स्फटिकांमधील अंतर वाढवून हिरव्याचा पिवळा होतो, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवून दिले.

आमच्या सड्यावरच्या या पाहुण्याचेही बारसे नुकतेच, म्हणजे २०१६ साली झाले. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला चक्क आपला मराठी शब्द दिला: ‘सरडा सुपर्बा’! हा पंखा नरालाच असतो. पावसाळ्याआधीच्या विणीच्या दिवसांत मादीला रिझवायला आणि दुसऱ्या नराला दटवायला तो उघडला जातो.

पुढे एका पवनचक्कीखाली असाच एक नर दिसला. कन्या हळूहळू त्याच्या अगदी जवळ गेली, तरी तो हलेना. “बघा, हा मला घाबरतच नाही!” ती हरखून म्हणाली. मला मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेले, याच पठारावरचे संशोधन आठवले. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी फार कमी आढळले. शत्रू कमी, म्हणून सरडे वाढले आणि धीटही झाले. पण तोंडे वाढली, की घास वाटून खावा लागतो. तिथले सरडे अंगाने रोडावलेले होते आणि त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडले होते.

पवनचक्कीची वीज धूर ओकत नाही, ती आपल्याला हवीच आहे. पण ती कुठे उभारायची, हे ठरवताना या वीतभर जिवालाही हिशेबात धरायला नको का? सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण हसून म्हणतो. याची धाव तर या सड्यापुरतीच.

तुम्हीही जरूर जा. एप्रिल-मेमध्ये, सकाळच्या उन्हात. टोपी आणि पाणी बरोबर ठेवा, दगड उलथू नका, सरडा पकडू नका. दूर बसून वाट पाहा. पंखा तो आपणहून उघडतो.