टाकाऊ आणायचं कुठून?



'टाकाऊपासून टिकाऊ' हा उपक्रम आपण सगळेच घेतो. कार्यानुभवाच्या तासाला, विज्ञान प्रदर्शनाला, आणि तपासणी येणार असली की हमखास. पण त्याचं आता काय झालंय बघा. आईस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट दुकानातून विकत आणायचं, चमकी कागद विकत, गोंद विकत, आणि त्याचं घर करून वर चिठ्ठी लावायची, 'टाकाऊपासून टिकाऊ'. प्रदर्शन संपलं की दुसऱ्या दिवशी ते टिकाऊ उकिरड्यावर!

मी कंधार तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. मुलांना सांगितलं, विकत काही आणायचं नाही, घरातलं फेकून देण्यासारखं काहीतरी घेऊन या. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग मोकळ्या हातानं आला. एका मुलीची आई रानात जाता जाता शाळेपुढं थांबली आणि म्हणाली, "फेकून द्यावं असं काय हाय का वो गुरुजी आमच्या घरात?"

बरोबरच होतं तिचं. लुगडं विरलं की त्याची वाकळ होते आणि वाकळ फाटली की पोतेरं. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा आधी पाणी तापवायला. तळ गेला की कापून सरळ केलेला पत्रा न्हाणीच्या आडोशाला. खताची रिकामी पोती उसवून, एकमेकांना शिवून मोठं पाल करायचं आणि त्यावर सोयाबीन वाळत घालायचं. सायकलची जुनी ट्यूब भारा बांधायला. वखराची पास झिजली की लोहाराकडं जाते आणि खुरपं होऊन परत येते. ते खुरपं झिजून बोटाएवढं राहिलं तरी आजी त्यानं तुळशीभोवतीचं गवत काढते. अशा घरात टाकाऊ कुठून आणायचं?

मग गृहपाठच उलटा दिला. घरातली अशी वस्तू शोधा, जी आधी दुसरं काहीतरी होती. आधी काय होती, कुणी बदलली, कोणत्या हत्यारानं, ते विचारून लिहा. वह्या भरून आल्या. त्याच मुलीनं वाकळ आणली, घडी करून डोक्यावर. उसवलेल्या कोपऱ्यातून थर मोजले तर आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, आणि मधे तिचं स्वतःचं झबलं! पुढचा सगळा गणिताचा तास वाकळीवर गेला. धावदोऱ्याच्या ओळी मोजल्या, एका ओळीची लांबी मोजली, गुणाकार केला. मग एक जण म्हणाला, "सर, दोरा वर-खाली जातो, म्हंजे जास्ती लागंल." सुतळी घेऊन करून बघितलं, खरंच जास्त लागली. एवढं बोलकं उदाहरण आमच्या चौथीला गणितात कधी मिळालं नव्हतं.

चौथीतला एक मुलगा मात्र काहीच लिहीत नव्हता. त्याचे वडील लोहारकाम करतात. वडिलांचा व्यवसाय विचारला की तो 'शेती' म्हणायचा. मी वडिलांना शाळेत बोलावलं. ते ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्याची छिन्नी घेऊन आले, सोबत भट्टीचा हातानं फिरवायचा पंखा. साध्या सळईपेक्षा कमानीच्या पोलादात कर्ब जास्त असतो, म्हणून त्याला पाणी दिलं की ते कडक होतं. मुलांना मी एवढंच सांगितलं. बाकी त्यांनी डोळ्यांनी बघितलं. लाल झालेल्या छिन्नीची फक्त धार पाण्यात बुडवली, बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं घासली आणि ते टक लावून बघत बसले. मागच्या अंगाची उष्णता धारेकडं सरकली, तसा तिथं आधी पिवळा, मग तपकिरी रंग चढू लागला. तेवढ्यात सगळी छिन्नी पाण्यात. "निळं होऊ दिलं तर धार नरम पडती. पिवळ्याच्या आधी बुडवलं तर तुकडा उडतो," ते म्हणाले. त्यांच्याकडं तापमापक नाही, रंगावरून ओळखतात. मुलगा मागच्या रांगेत बसला होता, हळूहळू पुढं सरकला.

आठवड्यानं त्याची आई आली. रागात नव्हती, पण स्पष्ट बोलली. "घण मारायचं त्याच्या नशिबातून सुटावं म्हणून शाळेत घातलं गुरुजी. हितं बी तेच का?"

डी.एड.ला आपण सगळ्यांनी नई तालीम पाठ केली. १९३७ चं वर्धा, झाकीर हुसेन समिती, हस्तव्यवसायातून शिक्षण. उत्तर लिहून मार्कही मिळवले. पण या आईचा प्रश्न त्या पुस्तकात नव्हता, आणि तो अडाणी प्रश्न नाही. ज्याच्या घरी हातोडा नाही त्याला हातोडा म्हणजे गंमत. ज्याच्या घरी आहे त्याला ती भीती. मी तिला म्हणालो, ताई, घण तो शाळेत मारणार नाही. पिवळा रंग का येतो, हे शोधणार आहे. तिला पटलं असं मी म्हणणार नाही. "बघा मंग," म्हणाली आणि गेली.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी काडेपेटीपासून सुरुवात करावी. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. पुण्यात टेल्कोत असताना १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले, आणि तिथं काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून त्यांनी जोडणीचा खेळ तयार केला. पुढं पुण्याच्या आयुकात त्यांनी अशी कितीतरी खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लाकडी काड्यांचं गूल खरवडून टाका, हे काम मोठ्यांनीच करायचं. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. तुकड्याच्या दोन टोकांत दोन काड्या बसवल्या की सांधा तयार. तिसरी काडी जोडायला मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडा. आपल्याकडं काटे कमी नाहीत. आधी त्रिकोण करा, मग चौकोन, आणि दोन्ही दाबून बघा. चौकोन तिरपा होतो, त्रिकोण हलत नाही. चौकोनात कर्णावर आणखी एक काडी घातली की तोही ताठ.

आमच्याकडं हे करून झाल्यावर लोहाराचा तो मुलगा वर बघत बसला. मला वाटलं लक्ष नाही. तर तो वर्गाच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैचीतले त्रिकोण मोजत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, "सर, ही कैची कुणी वेल्डिंग केली आसंल?"