गुंजाल्याची अक्षरं

माझं आजोळ आदिलाबादचं. हे सांगितलं की पुण्याची मंडळीसुद्धा विचारतात, "मराठवाड्यात येतं का ते?" नाही, तेलंगणात येतं. पण प्रश्न अगदीच चुकीचा नाही. निजामाच्या राज्यात किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते इकडे आले, आदिलाबाद तिकडे राहिलं. आजीचं माहेर किनवटचं. "मी कुठं गेले नाही, रेघच माझ्या अंगणातून गेली," असं ती म्हणायची.

गेल्या डिसेंबरात आयंटहोव्हनहून सुट्टीवर गेलो, तेव्हा बायको आणि मुलीला पुण्यात ठेवून एकटाच तिकडे जाऊन आलो. नांदेडपुढे मुदखेडला गाडी वळते आणि किनवटवरून आदिलाबादला पोचते. फलाटावरच्या पाट्या तेलुगू, पण मामा गाडीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "काहून रे, इतका वाळला?" की झालं, घरी आलो.

स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर दहा रुपये फोनवरून दिले. टपरीवरचा डबा तेलुगूतून ओरडला की पैसे पोचले. मी त्याचा व्हिडिओ काढून ऑफिसातल्या एका डच सहकाऱ्याला पाठवला. हा माणूस सज्जन आहे, पण भारतातल्या लहान गावात वीज किती तास असते हे त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत दोनदा विचारलेलं आहे. त्याचं उत्तर आलं, "अविश्वसनीय!" मला बरं वाटलं. आपण सगळेच हे करतो, नाही का? यूपीआयचा व्हिडिओ, मंगळयानाचा फोटो. कोणीतरी विचारायच्या आधीच उत्तर देऊन टाकायचं.

मामेभाऊ माझ्यासारखाच बीई. हैदराबादला नोकरी होती, ती सोडून तो आदिलाबादला परतला तेव्हा मी फोनवर त्याला अर्धा तास शहाणपण शिकवलं होतं. "करिअर संपेल तुझं" हे माझे शब्द. आता तो गावातूनच युरोपातल्या ग्राहकांचं काम करतो. आदिलाबादमध्ये बीडीएनटी लॅब्जचं ऑफिस निघालं आणि 2022 मध्ये तेव्हाचे आयटीमंत्री के. टी. रामाराव ते बघायला आले, तेव्हापासून तिथं कोणाला अशा नोकरीचं नवल उरलेलं नाही, असं तो सांगतो. जुन्या फोनची त्यानं आठवण काढली नाही. मीही काढली नाही.

रात्री जेवताना त्यानं विचारलं, "तुझं काम नेमकं काय असतं रे?" मी सांगितलं, कागदपत्रं पडद्यावर दाखवणारं आणि छापणारं सॉफ्टवेअर. माझ्याकडे लिप्या आणि फॉन्ट आहेत. कुठल्याही भाषेतला मजकूर आला तरी तो नीट उमटला पाहिजे.

"मग गुंजाल्याची लिपी उमटते का?"

मी घास हातात धरून बसलो. 'गुंजाला गोंडी' हे नाव मला चांगलंच ओळखीचं होतं. जून 2018 मध्ये युनिकोडची अकरावी आवृत्ती आली, तीत ज्या सात नव्या लिप्यांना जागा मिळाली त्यांतली ही एक. युनिकोड म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक. तो मिळाला की ते अक्षर कुठल्याही फोनवर जाऊ शकतं, पुढे फॉन्ट असेल तर दिसू शकतं. आमच्याकडे अशा नव्या लिप्यांचं एक तिकीट उघडलं गेलं होतं: यांचे फॉन्ट आपल्या सॉफ्टवेअरसोबत द्यायचे का? ते तिकीट मीच बंद केलं होतं. शेरा: "वापरकर्ते नगण्य." गुंजाला हे कुठल्यातरी राजघराण्याचं नाव असावं, असा माझा समज होता.

"गाव आहे ते," भाऊ म्हणाला. "नारनूर मंडलात. दोन-अडीच तास. उद्या जाऊ."

गुडीहतनूरला हमरस्ता सोडला की रस्ता इंद्रवेल्लीकडे वळतो. दोन्ही बाजूंना कापूस, वेचणी चाललेली. इंद्रवेल्लीला स्मारक आहे. 20 एप्रिल 1981 रोजी जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर इथं पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जवळच केसलापूर, जिथं पौष अमावास्येला मेसराम कुळाचे लोक गोदावरीचं पाणी पायी आणून नागोबाची पूजा करतात. मग उटनूर, नारनूर, आणि शेवटी गुंजाला.

या गावातल्या घरांत हस्तलिखितं होती. 2006 च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाच्या जयधीर तिरुमलराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पाहिली आणि बाहेरच्या जगाला कळलं की गोंडीला स्वतःची एक जुनी लिपी आहे. साधारण 1750 च्या आसपासची असावीत असा त्यांचा अंदाज. गावातल्या मोजक्या म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत होती, म्हणून बाकीच्यांना ती परत शिकता आली.

मला खरी गंमत वाटली ती जवळच्याच मारलवाईची. 1940 च्या दशकात ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ तिथं राहून गोंडांच्या शाळा काढत होते. आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडीही निजामाच्या नोकरीत या भागात होते, त्यांनी गोंडीचं व्याकरण लिहिलं. त्या काळी गोंड मुलांसाठी गोंडी वाचनपुस्तकं निघाली ती देवनागरीत, कारण इथल्या गोंडांना मराठी येत असे. मनापासून कळवळा असलेली, भाषा शिकलेली माणसं ही. आणि थोड्याच अंतरावरच्या एका गावात पोथ्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या.

गावात लिपीचं अभ्यास केंद्र आहे. एका आजोबांनी वर्णमाला दाखवली. मी सवयीनं क शोधू लागलो. ते हसले. ही वर्णमाला क-ख-ग अशी चालत नाही. व्यंजनं य, व, ब, भ, म अशी सुरू होतात, क त्यानंतर. बारा वर्षं लिप्यांचं काम करतोय, आणि क पहिला का असावा असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी माझं नाव सांगितलं, त्यांनी ते वहीत लिहून दिलं. अक्षरं थोडी तेलुगूसारखी गोल, पण तेलुगू नव्हेत.

नववीतली एक मुलगी बाजूला उभी होती. तिला म्हटलं, माझ्या फोनवर लिपी बघू. एक पान उघडलं. पानभर रिकामे चौकोन. "डब्बे आले," ती म्हणाली, जराही नवल न करता. आमच्या धंद्यात या चौकोनांना टोफू म्हणतात. गूगलच्या मोफत फॉन्टचं 'नोटो' हे नाव त्यावरूनच पडलं, टोफू नको म्हणून. त्यात गुंजाला गोंडीचाही फॉन्ट आहे. म्हणजे क्रमांक होता, फॉन्ट होता, लिहिणारं माणूस समोर उभं होतं. राहिलं होतं ते मधल्या कोणीतरी तो फॉन्ट सोबत देण्याचं. तो मधला मी.

माझा शेरा अगदीच खोटा होता असं नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ 30 लाख, पण त्यांतले बहुतेक देवनागरी किंवा तेलुगू वापरतात. मसराम गोंडी नावाची 1918 मधली आणखी एक लिपीही आहे. गुंजाला लिपीत लिहिणारे थोडेच. पण डब्बेच दिसणार असतील तर जास्त कोण लिहिणार? चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडची भाषा आमच्या मेनूत पहिल्या दिवसापासून आहे. त्यांना रोमन लिपीचा फायदा आहे, मान्य. तरीही आइसलँडच्या वापरकर्त्यांना कोणी नगण्य म्हटल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी मामांना वहीतलं नाव दाखवलं. ते उठले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पणजोबांचे कागद, सगळे मोडीत. आमच्या घरात ते कोणालाच वाचता येत नाहीत. जमिनीचे असावेत, असं मामा म्हणतात. मी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. एकवीस अंगठे आले, अर्थ कोणी सांगितला नाही.

परत आल्यावर ते तिकीट पुन्हा उघडलं. सहकाऱ्यानं विचारलं, कोणा ग्राहकानं मागितलंय का? मी त्याला वहीचा फोटो दाखवला आणि डब्ब्यांचाही. चहाच्या टपरीच्या व्हिडिओला लगेच उत्तर आलं होतं. या फोटोकडे तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, फॉन्टनं आपल्या सॉफ्टवेअरचा आकार किती वाढतो ते मोजून आण. मोजतोय. यादी खाली सरकवताना दिसलं, मी नगण्य ठरवलेल्या लिप्यांत मोडीही होती. 2014 पासून ती युनिकोडमध्ये आहे.

मंडळात कोणाला मोडी वाचता येत असेल तर कृपया मला कळवा. एकूण नऊ कागद आहेत. पहिल्यातला 'किनवट' एवढा एकच शब्द मला लागलाय, आणि तोही बरोबर असेलच असं नाही.