तिआनमेन चौकात

बीजिंगच्या तिआनमेन चौकात शिरताना आमचे पासपोर्ट, पिशव्या, सगळं तपासलं गेलं. समोर माओचं भलंमोठं चित्र, आत फोटो काढणाऱ्या कुटुंबांची जत्रा. ४ जून १९८९ ला हा चौक मोकळा करताना लष्कराने आसपासच्या रस्त्यांवर निदर्शकांना गोळ्या घातल्या. त्याची इथे साधी पाटीही नाही. गाईडबाईंना विचारलं, तर हसून म्हणाल्या, "चला, राजवाडा बघू या."

डेंग झियाओपिंग यांच्या १९९२ च्या दक्षिण दौऱ्यानंतर आर्थिक सुधारणांनी वेग घेतला, कोट्यवधी लोक गरिबीतून वर आले, हे खरंच. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादाही गेली. "स्थैर्य आहे ना!" असं आपल्यातलेही पुष्कळजण कौतुकाने म्हणतात. पण एका तारखेला भिणाऱ्या स्थैर्याला भक्कम म्हणायला आमची जीभ काही रेटेना.