खवट

इंग्रजीत 'रँकर' म्हणून एक शब्द आहे. नुसता राग नव्हे, तर जुना, मुरलेला, संधी मिळाली की वर येणारा आकस. गंमत म्हणजे हा 'रँकर' आणि 'रॅन्सिड' सख्खे भाऊ. स्पेलिंगमधल्या 'सी'चा उच्चार एकीकडे 'क' होतो आणि दुसरीकडे 'स', म्हणून नातं पटकन ओळखू येत नाही इतकंच. मूळ लॅटिन क्रियापद 'रँकेरे', म्हणजे कुजणं, वास मारणं. त्यावरून 'रँकर' म्हणजे आधी फक्त खवट वास. आकसाचा अर्थ त्याला उत्तरकालीन लॅटिनमध्ये चिकटला आणि तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोचला.

आता आपल्याकडे बघा. खोबरं खवट, तेल खवट, आणि शेजारचे आजोबाही खवट! बोलणं तर कुजकट असतंच. नारायण पेठेत राहणाऱ्याला लॅटिन शिकायची खरं तर गरजच नाही. :-)

पण खवट होतं काय? पाणी नाही, मीठ नाही. फक्त स्निग्ध पदार्थ. तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी रिअ‍ॅक्शन सुरू होते आणि एकदा सुरू झाली की आपली आपणच पुढे चालत राहते. आणि संस्कृतात तेला-तुपाला म्हणतात 'स्नेह'. मायेलाही तोच शब्द! सिग्नलला कुणी कट मारली तर तो राग संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. जवळच्या मित्राचं एखादं वाक्य मात्र दहा वर्षं डोक्यात राहतं.

केसरीवाड्यावरून जाताना मला म्हणूनच टिळक-आगरकर आठवतात. डेक्कन कॉलेजातली मैत्री, १८८१ मध्ये केसरी, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, सगळं बरोबरीनं. मग १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला आणि दोघांचं भांडण छापून येऊ लागलं. विषय सामाजिक सुधारणांचा, पण कडवटपणा घरच्या भांडणातला. १७ जून १८९५ ला आगरकर गेले. वय ३८. केसरीतला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

खवट तेल पुन्हा ताजं होत नाही. बरणी घासून नवीन भरता येतं, पण त्याला समोरचा माणूस असावा लागतो.

असो. आज शनिवार आहे. एखादा फोन राहिला असेल तर बघा.