‘अशक्य’ म्हणण्याची घाई

अल्गोरिदम आणि संगणकीय गुंतागुंत हा माझा अभ्यासाचा विषय. या क्षेत्रात माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक गणिताची नव्हती. प्रश्न पुरता ऐकून न घेताच उत्तर देण्याची होती.

पीएचडी करून नांदुऱ्याला आलो होतो. ओळखीच्या एका जिनिंगवाल्यांनी विचारलं, “सर, वडनेर भोलजी, शेंबा, निमगाव, चांदूर बिस्वा अशा बारा गावांतून कापूस उचलायचा हाये. गाडी कशी फिरवावं, म्हणजे डिझेल कमी लागन?” मी तिथंच व्याख्यान दिलं. बारा गावांचे क्रम 47 कोटी 90 लाखांवर जातात. अशा प्रश्नांना कायम झटपट चालणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. रिचर्ड कार्प यांनी 1972 मध्ये दिलेल्या 21 अवघड प्रश्नांत याचा सख्खा भाऊ आहे. थोडक्यात, अशक्य. ते म्हणाले, “पण आमचा ड्रायव्हर तं रोजच काहीतरी ठरवते ना!” मी विषय तिथंच सोडला.

पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना याच कार्प यांची, मायकेल हेल्ड यांच्यासोबतची 1962 मधली रीत समोर आली. कोणती गावं झाली आणि गाडी आता कुठं आहे, एवढंच धरायचं. तिथवरचा सर्वांत कमी अंतराचा रस्ता ठेवून बाकीचे सोडून द्यायचे. बारा गावांसाठी काम जेमतेम 6 लाख पायऱ्यांवर येतं. साधा लॅपटॉप ते क्षणात करतो. गावं वाढत गेली की अडचण येते हे खरं. पण मला बाराच गावांचं विचारलं होतं.

खजील होऊन प्रोग्रॅम लिहिला आणि घेऊन गेलो. जिनिंगच्या मुनीमजींनी कागद पाहिला. “सर, कापूस वजनानं हलका, पण जागा लय खाते. सहा गावांतच गाडी भरते.” हे मी विचारलंच नव्हतं! मग गावं दोन फेऱ्यांत वाटली. अशा वाटण्या 462, आणि एकेका फेरीचे क्रम 720. सगळे तपासले तरी संगणकाला काहीच भार नाही. ते उत्तर मुनीमजींसोबत बसून काढलं.

ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या नरेंद्र करमरकरांचं मोठेपण मला तेव्हा नीट कळलं. रेषीय नियोजनाची, म्हणजे ठरलेल्या मर्यादांत सर्वांत फायद्याची योजना शोधण्याची, जुनी सिम्प्लेक्स पद्धत वाईटात वाईट उदाहरणात फार रेंगाळू शकते, हे 1972 मध्ये सिद्ध झालं होतं; तरी कारखान्यांत ती उत्तम चालत होती. 1984 मध्ये करमरकरांनी दिलेली पद्धत सिद्धान्तातही वेगवान होती आणि प्रत्यक्ष कामातही उपयोगी पडली. मी मात्र वाईटात वाईट उदाहरण पुढे करून खऱ्या कामाकडे पाठ फिरवली होती.

या विषयात येणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे: ‘अशक्य’ म्हणण्याआधी प्रश्न केवढा आहे ते विचारा, आणि ज्याला तो रोज सोडवावा लागतो त्याचं पूर्ण ऐकून घ्या.