वस्तीची गाडी

समुद्रकाठी शांत आणि परवडणारं गाव कसं शोधायचं, हे मला एसटीच्या एका निवृत्त ड्रायव्हरानं शिकवलं. ठाण्याला आमच्या चाळीत ते तळमजल्यावर राहायचे. सगळी चाळ त्यांना अण्णा म्हणायची. त्यांच्याकडून वेळोवेळी बरंच काही उसनं घेतलं, त्यातलं बरंचसं परतही केलं. हे एक देणं मात्र अंगावर राहिलं.

आमचं घर दोन खोल्यांचं. सासू-सासरे, धाकटा दीर आणि आम्ही. तक्रार करावी असं घरात कुणीच नव्हतं, अडचण होती ती जागेची. नवराबायकोला भांडायचं असलं तरी गच्चीवर जावं लागे, आणि तिथं कुणाचे तरी पापड वाळत असत. आमचं लग्न झालं त्याच वर्षी नणंदेचंही निघालं, त्यामुळे महाबळेश्वर-माथेरान हा विषयच निघाला नाही. पुढे ह्यांना प्रेसमध्ये बोनस मिळाला, मला भिशी लागली, आणि कुठंतरी समुद्रावर जाऊन येऊ असं ठरलं.

मग प्रत्येकानं आपापला समुद्र सुचवला. अलिबाग जवळचं, पण शनिवार-रविवारी निम्मी मुंबई तिथं उतरते. गणपतीपुळ्याला देव आहे म्हणजे बाराही महिने माणसं आहेत, अंगारकीला तर विचारायलाच नको. तारकर्ली तेव्हा फार लांब वाटली. गोव्याचे डिसेंबरातले भाव ऐकून सासरे नुसतेच हसले.

अण्णांनी सल्ला देण्याआधी विचारलं, "आजूबाजूला माणसं किती हवीत?"

"कुणीच नकोत," हे म्हणाले आणि लाजले.

"मग वस्तीची गाडी जाते तिथं जा."

रात्रीची शेवटची एसटी ज्या गावात मुक्कामाला थांबते आणि पहाटे तीच पहिली गाडी होऊन निघते, ती वस्तीची गाडी. अण्णांचं म्हणणं असं, की अशा गावाच्या पुढं एसटीला जायचं नसतं, म्हणून तिथून कुणी सहज जाता जाता डोकावत नाही. जो येतो तो मुद्दाम येतो, आणि मुद्दाम येणारी माणसं थोडीच असतात. नोकरीची सुरुवातीची वर्षं त्यांनी दापोलीकडे काढली होती. दापोली-मंडणगड तालुक्यांतली असली गावं त्यांना तोंडपाठ होती. मुरूडला, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या गावाला, आता हॉटेलं झालीत म्हणाले. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघा, पण राहू नका. आंजर्ले चांगलं, कड्यावरच्या गणपतीला जाऊन या. राहायला मात्र केळशी.

आज रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाचं बोलणं ऐकते तेव्हा मला अण्णांची ही कसोटी आठवते. खाड्यांवर पूल झाले की काठावरच्या माणसांचे वळसे वाचतील, आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचेल, हे खरंच. पण शेवटच्या थांब्याची गावं मधले थांबे होतील, आणि आमच्यासारख्यांना लपायला जागा उरणार नाही. वळसे वाचणं जास्त मोलाचं, यात मला शंका नाही. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच.

गाव ठरल्यावर अण्णांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं. तारीख नाही, तिथी बघायची म्हणाले. तिथीला पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी फिरायला जावं तर सहाच्या सुमाराला पाणी पार वर चढलेलं, चालायला उरते ती मऊ वाळू आणि सुरूच्या काड्या. पुनवेला किंवा अवसेला भरती बाराच्या आसपास, मग सहाला ओहोटी. सूर्य बुडताना पाणी लांब गेलेलं आणि ओली, घट्ट वाळू दूरवर मोकळी. हा अंदाजाचा हिशोब आहे, घड्याळाचा नव्हे. भरती रोज पाऊण-एक तासानं पुढं सरकते, त्यावरून कुणा जुन्या माणसानं तो बसवलेला. पुढे मी कितीदा तरी ताडून पाहिला, फार चुकलेला आढळला नाही.

"पण ओहोटीला पाण्यात उतरायचं नाही," अण्णांनी ह्यांना बजावलं. "आणि खाडीच्या तोंडाशी तर नाहीच नाही. तिथं पाणी बाहेर जाताना माणसाला विचारत नाही." समुद्राला उधाण पुनवे-अवसेलाच येतं, म्हणजे फिरायला सगळ्यात चांगले दिवस तेच पोहायला सगळ्यात वाईट. दोन्ही गोष्टी त्यांनी एका दमात सांगितल्या. हल्ली बुडाल्याच्या बातम्या वाचताना वाटतं, की लोकांना पहिली गोष्ट सांगणारे भरपूर भेटतात, दुसरी सांगणारा कुणी भेटत नाही.

बाकीचं त्यांनी भराभर उरकलं. मे महिना, गणपती आणि शिमगा चाकरमान्यांचे, तेव्हा त्यांच्या गावात गर्दी करायची नाही. जून-जुलैत मासेमारी बंद. दिवाळीची सुट्टी संपली की नाताळापर्यंत सगळं रिकामं. रविवारी जायचं, कारण रविवारी दुपारी लोक परततात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळीची आशा धरायची नाही. आणि घर निवडताना फोनवर एवढंच विचारायचं, की जेवायला काय असतं. पदार्थांची यादी ऐकवली तर दुसरं घर बघायचं. 'आम्ही खातो तेच' असं उत्तर आलं, की समजायचं, जमलं. अर्थात आमच्यासाठी घर त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून स्वतःच फोन लावला, "माझी माणसं येतायत" म्हणाले आणि ठेवून दिला. भाव विचारला नाही. मला काळजी वाटली.

मार्गशीर्षातल्या पुनवेच्या आधीच्या रविवारी खोपटच्या स्टँडवरून निघालो. पेण, माणगाव, आंबेतचा पूल, मंडणगड आणि दापोली. दापोलीहून संध्याकाळची केळशीची गाडी. शेवटी शेवटी गाडीत आम्ही दोघं, दोन-चार गावकरी, कुणाच्या तरी औषधाची पिशवी आणि कोंबड्यांची एक टोपली एवढेच उरलो. ठरलेल्या घरी पोचलो तेव्हा ओट्यावर पानं मांडली होती, आमची दोन आणि शेजारी ड्रायव्हर-कंडक्टरची दोन. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार. घरच्या काकू आम्हाला आणि त्या दोघांना सारख्याच आग्रहानं वाढत होत्या.

केळशीचं वर्णन फार करत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याचे गडगे, बेडं सरकवून आत जायची घरं, महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा. खाडीजवळ वाळूची एक मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला आणि ती त्सुनामीनं आणून टाकली असावी, असं मांडलं. तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. टेकडीच्या सावलीत बसून आम्ही आमच्या दोन खोल्यांचं बोलत होतो. समोर मैलभर वाळू आणि चिटपाखरू नाही, तरी पहिल्या दिवशी आम्ही कुजबुजतच बोललो, सवयच तशी लागलेली. दुसऱ्या दिवशी आवाज सुटले. ह्यांनी प्रेस सोडून स्वतःचं काहीतरी करायचं मनात आहे, हे मला तिथं पहिल्यांदा सांगितलं. मी वेगळ्या बिऱ्हाडाचा विषय काढायचं ठरवून आले होते. तो काढला, पुरेसा बोलले, आणि बोलून झाल्यावर तो मला तितका निकडीचा वाटेना. सासूबाईंना हे कधीच कळलं नाही. निघताना मात्र त्यांनीच माझ्या पिशवीत लाडवाचा डबा ठेवला होता आणि "तिकडं घरची काळजी करत बसू नका" म्हणाल्या होत्या. तेव्हा कुणाला काय काय कळत होतं, याची मला आता खात्री देता येत नाही.

निघायच्या आदल्या रात्री हिशोब विचारला. काकूंनी सांगितलेला आकडा ऐकून हे म्हणाले, "काकू, हे एका दिवसाचं झालं." "सगळ्याचं," काकू म्हणाल्या. एवढ्यात दापोलीच्या लॉजवर एक रात्रही निघाली नसती. आम्ही वाद घालायला लागलो तेव्हा त्यांनी कारण सांगितलं.

त्यांच्या पहिल्या बाळंतपणात मध्यरात्री कळा सुरू झाल्या होत्या. गावात तेव्हा दुसरं वाहन नव्हतं. वस्तीची गाडी देवळाजवळ उभी, आणि अण्णा तिच्यातच मागच्या बाकावर झोपलेले. काकूंच्या सासऱ्यांनी त्यांना उठवलं. अण्णांनी कंडक्टरला उठवलं, गाडी सुरू केली आणि अंधारातून दापोलीच्या दवाखान्यात नेली. पहाटेच्या फेरीला गाडी पुन्हा केळशीत हजर होती. त्या जादा किलोमीटरांचा आणि डिझेलचा हिशोब अण्णांनी कागदावर कसा बसवला, ते काकूंना अजूनही माहीत नव्हतं. "आणि तुम्ही म्हणता मी पैसे घ्यावेत," त्या म्हणाल्या. "ते कसे घेऊ? अण्णांनी माझी माणसं म्हणून सांगितलंय."

म्हणजे ज्याला आम्ही स्वस्त समजत होतो ते स्वस्त नव्हतंच. दुसऱ्याच कुणीतरी एका रात्री ते आधीच भरून ठेवलं होतं, आणि आम्ही त्याच्या नावावर राहून-जेवून आलो होतो. तेव्हापासून कमी भावाचं काही मिळालं, की मी आधी बघते, उरलेलं कोण भरतंय. बहुतेक वेळा कुणीतरी भरत असतंच. हॉटेलातली पोरं असतात, नाहीतर घरातली बाई असते. तिचे कष्ट कुठल्याच बिलात येत नाहीत.

ठाण्याला परतल्यावर अण्णांजवळ हा विषय काढला. ते वैतागले. "डिझेल काय माझ्या खिशातलं होतं?" म्हणाले आणि समुद्र कसा वाटला ते विचारलं. मी भरभरून सांगत सुटले. ते इतक्या लक्ष देऊन ऐकत होते, की मी मधेच थांबून म्हटलं, "तुम्ही तर कितीदा पाहिला असेल."

"मी ऐकलाय," अण्णा म्हणाले. "बघायला वेळ कुठं? रात्री पोचायचं, अंधारात निघायचं."

त्यांना आणि त्यांच्या बायकोला, माईंना, केळशीला न्यायचं असं आम्ही तेव्हाच ठरवलं. पण अण्णांना प्रवासी म्हणून गाडीत बसणं सोसायचं नाही, वळणावळणाला त्यांचा पाय ब्रेक दाबायचा. निवृत्तांना मिळणारा पास पंढरपूर आणि लेकीचं सासर यांतच संपायचा. मग गुडघे, मग मधुमेह. करोनाच्या आधी ते गेले. जून 2020 मध्ये निसर्ग वादळ दापोली-मंडणगडावरून गेलं, तेव्हा मी काकूंना फोन लावत राहिले. बऱ्याच दिवसांनी लागला. घराचे कोने उडाले होते, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या. "माणसं आहेत," एवढं सांगून त्यांनी विचारलं, "अण्णा कसे आहेत?" वादळाची बातमी त्यांची आणि अण्णांची आमची, दोन्ही एकाच फोनवर पोचल्या.

माईंना घेऊन मी गेले ती मार्च 2023 नंतर. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं होतं. पंच्याहत्तरीपुढच्यांना तर 2022 पासूनच फुकट होतं, आणि माई पंच्याहत्तर ओलांडून पुढं गेलेल्या. ह्यांना मुद्दामच बरोबर घेतलं नाही. माई वाळूवर खुर्ची टाकून बसल्या, अर्धा तास समुद्र पाहिला आणि म्हणाल्या, "मोठा आहे." मग गाडी कुठं उभी राहायची ते दाखव म्हणाल्या. दाखवलं. देवळाजवळची जागा त्यांनी समुद्रापेक्षा जास्त निरखली. काकूंच्या ओट्यावर त्या दोघी रात्री उशिरापर्यंत अण्णांबद्दल बोलत होत्या, निम्म्या वेळा तक्रारीच्या सुरात.

हिशोबाची वेळ आली तेव्हा काकूंनी नेहमीचा नन्नाचा पाढा सुरू केला. माईंनी कनवटीची पिशवी सोडली आणि शेजारच्या घरातला दर विचारून आल्याचं सांगितलं. तो त्यांनी कधी विचारला ते मलाही माहीत नाही.

"त्यांनी काय केलं ते त्यांच्यापाशी," माई म्हणाल्या. "मी जेवले ते माझं. आणि हिचे पण घे. ही मागं येऊन गेली ना, त्याचेसुद्धा लाव."

काकू रागावल्या. मग दोघींनी डोळे पुसले. शेवटी त्यांनी पैसे घेतले, मोजून घेतले. माझ्या जुन्या मुक्कामाचे मात्र घेतले नाहीत, ते अण्णांच्याच खाती राहू देत म्हणाल्या. पहाटे आम्ही गाडीत चढलो तेव्हा वादळातून वाचलेल्या माडांचे नारळ, आमसुलं आणि कुळथाचं पीठ असं भलंमोठं पोतं काकूंच्या मुलानं आमच्यामागून आत ढकललं. कंडक्टर पोरगेलासाच होता. त्यानं पोत्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं आणि तिकिटाचं मशीन काढलं.

"आजी फुकट," तो म्हणाला, "ताई अर्ध्या. नारळांना पूर्ण पडेल."