दुसरी संधी आणि मेंढीकोट

गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत मेंढीकोटची स्पर्धा असते. पूर्वी साधी बाद पद्धत होती: एक डाव, हरला की घरी. तीन मेंढ्या आणि हुकमाची लांबलचक रांग समोरच्यांकडे गेली, तर मुरलेला भिडू तरी काय करणार? कुरकुर वाढली, तेव्हा मंडळाने ठरवलं की दोनदा हरल्यावरच बाद. तक्ते मांडायचं काम माझ्याकडे आलं.

जोड्या १६. विजेती सोडून प्रत्येक जोडी दोनदा हरणार, म्हणजे ३० सामने. विजेतीही एकदा हरली तर ३१. साध्या बाद पद्धतीत १५ पुरले असते. रात्रीच्या आरतीनंतर मंडपामागे टेबलं लागायची. पहिल्याच फेरीत हरलेली आजी-नातवाची जोडी हरलेल्यांच्या तक्त्यातून वर चढत अंतिम सामन्यात आली आणि तोवर एकदाही न हरलेल्या जोडीला तिने हरवलं. टाळ्या सुरू झाल्या.

"थांबा, अजून एक डाव आहे," मी म्हटलं.

"काका, फायनल जिंकलो ना आम्ही?" नातू तावातावाने म्हणाला.

"जिंकलात. पण ते आत्ता पहिल्यांदा हरलेत. तुमची पहिली हार माफ केली, मग त्यांची का नको?"

गलका झाला. तेवढ्यात एका जुन्या पुणेकराने २०१७ची आयपीएल काढली. पुण्याने मुंबईला साखळीत दोन्ही वेळा आणि पहिल्या क्वालिफायरमध्येही हरवलं होतं. मुंबई दुसऱ्या क्वालिफायरमधून परत आली आणि अंतिम सामना एका धावेने जिंकली. "त्यांना दुसरी संधी, आम्हाला नाही!" इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज चढला होता. आजींनी मुकाट्याने पत्ते पिसायला घेतले. दुसरा डावही त्याच जिंकल्या, तीन मेंढ्या घेऊन.

माझ्या मते नियम योग्यच होता. दोन्ही जोड्या तुल्यबळ धरल्या, तर या नियमाने न हरलेल्या जोडीला चारातल्या तीन संधी मिळतात, आणि ते तिने कमावलेलं असतं. मात्र दुसऱ्या संधीने नशीब खेळातून जात नाही. एका डावात साठ टक्के जिंकणारी जोडी तीनपैकी दोन डावांच्या सामन्यात सुमारे पासष्ट टक्के जिंकते, पाचपैकी तीनच्या सामन्यात अडुसष्ट. डाव वाढवले तरी फरक हळूहळूच पडतो. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तीच पानं वेगवेगळ्या टेबलांवर फिरवतात. पानांचं नशीब धुऊन काढायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही. पण तेवढा सरंजाम सोसायटीच्या मंडपात कोण करणार?

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: वेळ असेल तर दर सामन्याला तीन डाव ठेवा, आणि अंतिम सामन्याचा नियम पहिलं पान वाटण्याआधी फळ्यावर लिहा.